अपूर्णविराम

मराठी व्याकरणाच्या पुस्तकात एकाखाली एक अशा दोन ठिपक्यांच्या चिन्हाला अपूर्णविराम म्हणतात, हे मी कुडाळच्या शाळेत असताना इतर विरामचिन्हांबरोबर पाठ केले होते. परंतु त्या नावात दडलेला अर्थ मला उमगला तो वयाच्या पंचविसाव्या वर्षी, अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका विद्यापीठाच्या तळघरात, हिरवी अक्षरे उमटवणाऱ्या एका टर्मिनलासमोर, बाहेर गुडघाभर बर्फ साचलेले असताना आणि रात्रीचे दोन वाजून गेलेले असताना. १९९३ सालचा तो हिवाळा. शिष्यवृत्तीच्या तुटपुंज्या रकमेला हातभार म्हणून मी संगणक-कक्षाच्या रात्रपाळीची चाकरी पत्करली होती. काम म्हणावे तर फारसे नव्हते: प्रिंटरात कागद भरणे, आल्यागेल्याची नोंद वहीत घेणे, मेजावर डोके टेकून झोपलेल्या विद्यार्थ्यांना पहाटे हलवून जागे करणे. या रिकामपणाची कीव येऊन शेजारी बसणाऱ्या एका सहाध्यायाने मला दूरच्या एका यंत्राचा पत्ता कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिला आणि तिथे गेल्यास वेळ बरा जाईल, असे सांगितले. वेळ गेला, पुष्कळच गेला. पण पुढे ज्या लेखनावर माझा चरितार्थ चालला त्याचे खरे शिक्षण त्या गेलेल्या वेळातच झाले, आणि म्हणून त्याचा जमाखर्च एकदा मांडावा असे वाटते.

त्या पत्त्यावर चित्र नव्हते, आवाज नव्हता; जे काही होते ते केवळ मजकुराच्या रूपाने होते. आत पाऊल टाकताच एका सराईचे पाच-सहा ओळींचे वर्णन पडद्यावर उमटले आणि त्याखाली त्या क्षणी सराईत हजर असलेल्या पात्रांची नावे आली. अशा खेळांना 'मड' हे जातिवाचक नाव होते, आणि त्यातल्या ज्या पोटजातीत मी शिरलो होतो तिला 'मश' म्हणत. तिथला सारा व्यवहार विरामचिन्हांवर चाले. ओळीच्या आरंभी अवतरणचिन्ह टाकले की पुढचे शब्द तुमच्या पात्राचे भाषण ठरत. अर्धविराम टाकला की पुढचा मजकूर जागा न सोडता तुमच्या नावाला चिकटे. आणि अपूर्णविराम टाकला की त्यापुढे जे लिहाल ते तुमच्या पात्राचे कृत्य म्हणून, तुमच्या नावानिशी, तिथे हजर असलेल्या प्रत्येकाच्या पडद्यावर उमटे. या कृत्यलेखनाला 'पोज' म्हणत, आणि अनेकांच्या पोज एकापुढे एक येऊन जो प्रसंग उभा राही त्याला 'सीन'. एंटरची कळ दाबेपर्यंत समोरच्याला काहीच दिसत नसे, आणि दाबल्यावर लिहिलेला शब्द परत घेता येत नसे. शाईने लिहिणाऱ्या माझ्या वडिलांच्या पिढीला या दुसऱ्या अटीचे नवल वाटले नसते. मला मात्र तिचा धाक वाटे.

प्रथम मी या साऱ्याकडे पोरखेळ म्हणूनच पाहिले. परंतु चौकशी करता त्याला एक बऱ्यापैकी वंशावळ असल्याचे आढळून आले. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा मेजाभोवती बसून, फासे टाकीत, तोंडी खेळण्याचा खेळ प्रसिद्ध केला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत विल क्राउदर आणि डॉन वुड्स यांनी एका गुहेतला शोधप्रवास केवळ शब्दांच्या द्वारे संगणकावर आणला. आणि १९७८ साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी एकाच शब्दमय गुहेत एकाच वेळी अनेकांना शिरता येईल अशी योजना केली, तिचेच नाव 'मड'. या आरंभीच्या खेळांत राक्षस मारावयाचे असत, खजिना गोळा करावयाचा असे, गुण मिळत आणि दर्जा वाढे. १९८९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातील जिम अ‍ॅस्पनेस याने 'टायनीमड' नावाचे जे रूप तयार केले त्यातून राक्षसही गेले आणि गुणही गेले. उरली ती दालने, तिथली माणसे आणि नवी दालने बांधण्याची सर्वांना दिलेली मुभा. पुढच्याच वर्षी त्यातून 'मश' निघाले. वरकरणी पाहता खेळातून खेळच काढून टाकल्यासारखे हे झाले. पण जिंकण्याजोगे काही शिल्लक न राहिल्यामुळे लोकांपाशी एकच गोष्ट शिल्लक राहिली, ती म्हणजे वाक्य. ज्याचे वाक्य चांगले त्याच्यासोबत सीन करण्यास लोक थांबत, आणि ज्याचे वाईट त्याची सराई रिकामी होई. इतक्या तातडीने आणि इतक्या निर्दयपणे निकाल देणारे वाचक मला नंतर कोठेही भेटले नाहीत.

माझा पहिला निकाल तर अवघ्या दहा मिनिटांत लागला. दूरच्या डोंगरी मुलखातून आलेला एक घोडेस्वार असे पात्र मी घेतले होते, आणि त्याचा सराईतला प्रवेश भव्य व्हावा म्हणून दोन बोटांनी टंकलेखन करीत मी एक प्रदीर्घ परिच्छेद रचला. माझे इंग्रजी त्या काळी मराठी निबंधाच्या वळणाचे होते. विशेषणांची त्यात ददात नव्हती. दार धाडकन उघडते, घोडेस्वार उंबऱ्यात उभा राहतो, त्याच्या नेत्रांतील तेज पाहून सराईतील संभाषणे थांबतात, दोघे तलवारबहाद्दर नकळत उठून उभे राहतात आणि सराईच्या मालकिणीच्या हातातील पेला थरथरू लागतो, अशा आशयाच्या चौदा ओळी मी एंटर दाबून रवाना केल्या आणि मोठ्या समाधानाने मागे रेलून बसलो. पडद्यावर बराच वेळ काहीच उमटले नाही. त्या तलवारबहाद्दरांपैकी एकजण तर माझा परिच्छेद पुरा होण्याची वाट पाहून कंटाळून आधीच निघून गेला होता, असे वरच्या ओळी पाहता लक्षात आले. मग सराईची मालकीण म्हणून जे कोणी लिहीत होते त्याचा केवळ मलाच दिसेल असा खासगी निरोप आला. त्याचा तर्जुमा असा होईल: 'तुमचा घोडेस्वार ठीक आहे. पण माझ्या हातातला पेला थरथरत नाही. थरथरायचा की नाही, हे तुम्ही मला विचारले नाही.'

या गुन्ह्याला तिथल्या बोलीत 'पॉवर-पोजिंग' म्हणत. दुसऱ्याच्या पात्राने काय केले, त्याला काय वाटले, त्याने मार खाल्ला की चुकवला, हे त्याच्या संमतीवाचून आपण लिहिणे म्हणजे पॉवर-पोजिंग. मी महसूल खात्यातील अव्वल कारकुनाचा मुलगा. मला ही गोष्ट त्या खात्याच्या परिभाषेत तत्काळ समजली. सामाईक सातबाऱ्यावर चार नावे असली आणि जमिनीची वाटणी झालेली नसली, तर प्रत्येक सहहिस्सेदाराचा हिस्सा जमिनीच्या कणाकणात असतो. परंतु म्हणून एकाला दुसऱ्याच्या हिश्शाचे खरेदीखत करून देता येत नाही, त्यासाठी मुखत्यारपत्र लागते. सीनमधला मजकूर हा असाच सामाईक असतो. मी त्या रात्री बिनमुखत्यारपत्राने चार जणांच्या जमिनी आपल्या नावावर लावून घेतल्या होत्या.

वडिलांची आठवण निघाली ती निघालीच. ते कुडाळच्या मामलेदार कचेरीत होते आणि पावसाळ्यात घरे पडली, पोफळीच्या बागा आडव्या झाल्या की पंचनामे करीत चिखलातून हिंडत. रात्री कंदिलाच्या उजेडात त्या पंचनाम्यांच्या स्वच्छ प्रती काढण्याचे काम, माझे अक्षर बरे म्हणून, माझ्याकडे असे. एकदा प्रत काढताना मी आपल्या अकलेने 'अतिवृष्टीमुळे घराची दक्षिणेकडील भिंत कोसळली' असे सुटसुटीत वाक्य केले, तेव्हा त्यांनी तो कागद माझ्यासमोर फाडला. भिंत पडलेली दिसली, तिची लांबी सुमारे आठ फूट दिसली, माती ओली दिसली, आढ्याचा वासा उत्तरेस कललेला दिसला, इतकेच पंच पाहू शकतात. पावसाने पडली हे कोणी पाहिलेले नाही, ते घरमालकाचे म्हणणे आहे, आणि म्हणून ते 'घरमालकाचे म्हणणे असे की' या शब्दांखाली वेगळे गेले पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. "दिसलां तां लिही. समाजलां तां लिहू नुको," एवढेच ते म्हणाले आणि नवा कागद माझ्यापुढे सरकवला.

दुसऱ्या रात्रीपासून मी माझ्या घोडेस्वाराचा पंचनामा लिहू लागलो. 'ती खोटे बोलत असावी असा विचार त्याच्या मनात येतो', 'ही बाई गर्विष्ठ आहे हे त्याने ओळखले' असली वाक्ये सीनमध्ये पुष्कळजण लिहीत. ती वाचताना वाचणाऱ्याची कुचंबणा अशी होई की त्या शेऱ्याचा बोचरेपणा त्याला लागे, पण त्याच्या पात्राला तो ऐकू आलेला नसल्यामुळे जबाब देण्याची सोय राहत नसे. मी ती वाक्ये टाकली. घोडेस्वाराला संशय आला तर तो मोजून दिलेली नाणी पुन्हा मोजून घेई. मनातला संशय बोटांवर आला की समोरच्याला तो पाहता येई, आणि पाहिला न पाहिल्यासारखे करण्याचे स्वातंत्र्यही त्याला उरे. विशेषणे गेली, नेत्रांतील तेज गेले. चौदा ओळींच्या तीन झाल्या, कारण माझ्या प्रत्येक ओळीचा कालावधी हा समोरच्याच्या प्रतीक्षेचा कालावधी आहे, हे आता माझ्या ध्यानात आले होते. चौघांच्या सीनमध्ये प्रत्येकाच्या प्रत्येक कृतीची पोच देण्याचा अट्टहासही मी सोडला, कारण तशी पोज म्हणजे बारनिशीची वही होते. सर्व आवक नोंदलेली, आणि निकाल एकाचाही नाही.

मात्र या सुधारणेचाही अतिरेक झाला. माझ्या पोज इतक्या काटेकोर आणि कोरड्या झाल्या की त्यांत खोट काढता येत नसे आणि त्यांना उत्तरही देता येत नसे. 'तो बसतो. तो पाणी पितो. तो खिडकीबाहेर पाहतो.' यावर समोरच्याने करावे काय? पूर्वी मी दुसऱ्याचा हिस्सा लाटीत होतो. आता स्वतःचा हिस्साही पडीक टाकीत होतो. या कोंडीतून मला बाहेर काढले ते दशावताराने. आमच्या भागात देवळाच्या वार्षिक जत्रेला रात्रभर दशावतारी नाटक होते. त्याला लिखित संहिता नसते. आख्यान आधी ठरते, कोणी कोणते पात्र करायचे ते ठरते, आणि संवाद मात्र पात्रे रंगमंचावर उभी राहूनच उत्स्फूर्तपणे बोलतात. एका जत्रेत, नाटक संपल्यावर पहाटे तोंडाचा रंग पुसत बसलेल्या एका वृद्ध नटाला मी, लहानपणीच्या धिटाईने, तुम्हांला पुढचे बोलणे सुचते कसे, असे विचारले होते. तो हसून म्हणाला, "माका खंय सुचता? पुढलो सुचयता. तेका बोलाक जागा ठेवूक व्हयी, बस." समोरचा सुचवतो, आणि त्याने सुचवावे म्हणून आपण त्याला बोलायला जागा ठेवावी लागते, असे ते साधे उत्तर दहा वर्षांच्या पोराला समाधानकारक वाटले नव्हते. तळघरात बसून मी ते पुनःपुन्हा घोळवू लागलो, तेव्हा त्या नटाची भाषणे कशी संपत हेही आठवू लागले. तो राजा झालेला असला तरी त्याचे वाक्य हुकुमावर संपत नसे. हुकूम देऊन तो प्रधानाकडे वळे आणि पाऊल अर्धवट उचललेले ठेवी. प्रधानाला त्या अर्धवट पावलाचे काहीतरी करावेच लागे.

मग मी प्रत्येक पोजच्या शेवटी असे एखादे अर्धवट पाऊल ठेवू लागलो. घोडेस्वार नुसता बसत नसे, तर भिंतीकडे पाठ करून बसे आणि समोरची खुर्ची पायाने किंचित बाहेर लोटी. ती कोणी घ्यावी वा न घ्यावी. याच सुमारास इंग्रजीच्या एका दुखण्याचा मला अनपेक्षित उपयोग झाला. 'अ' आणि 'द' ही इंग्रजी उपपदे मराठी माणसाला जन्मभर छळतात, कारण आपल्या भाषेत ती नाहीत. 'एक' आणि 'तो' यांवर आपले काम भागते. सीनमध्ये ती कुठे कोणते घालतात हे पाहता पाहता एक गोष्ट स्पष्ट झाली. एखादी वस्तू प्रथम प्रसंगात आणणारा तिला 'अ' लावतो. तो केवळ प्रस्ताव असतो. समोरच्याने ती उचलून 'द' लावला की ती वस्तू खरी झाली आणि दोघांच्या मालकीची झाली. फुटक्या काचेचा एक कंदील मी एके रात्री सराईच्या फळीवर ठेवला. पुढच्या पोजमध्ये मालकिणीने 'तो' कंदील कोपराने बाजूला सारला, त्याच्या जागी भाकरीचे ताट ठेवले, आणि मग काचेचा एक तुकडा बोटाने टिपून माझ्यासमोर धरला. ती व्यक्ती कोण, स्त्री की पुरुष, तरुण की वृद्ध, कोणत्या गावची, हे मला आजतागायत ठाऊक नाही. परंतु त्या कंदिलाला 'द' लागलेला पाहून झालेला आनंद मला पुढे माझे नाव छापील पुस्तकावर पाहूनही झाला नाही.

हा व्यवहार संमतीचा आहे आणि संमती मोडली तर शब्दही जखमा करतात, याची प्रचिती त्याच वर्षी साऱ्यांनाच आली. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात पॅव्हेल कर्टिस याने चालविलेल्या 'लॅम्डामू' या प्रसिद्ध जगात, एका इसमाने एका छोट्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने इतरांच्या पात्रांच्या नावे, त्यांच्या इच्छेविरुद्ध, अत्यंत घृणास्पद कृत्ये भर दिवाणखान्यात लिहून दाखविली. ज्युलियन डिबेल याने डिसेंबर १९९३ मध्ये 'व्हिलेज व्हॉइस' या पत्रात त्यावर जो लेख लिहिला त्याची पुढे सर्वत्र चर्चा झाली, आणि जिथे केवळ अक्षरेच आहेत तिथे अत्याचार कसला, असा प्रश्न शहाण्यासुरत्या लोकांनी विचारला. मला त्या प्रश्नाचे उत्तर देण्यास पांडित्य लागले नाही. माझ्या पहिल्या रात्रीचा थरथरता पेला आणि तो अत्याचार यांत अपराधाच्या मात्रेचे अंतर अफाट होते, हे खरे; पण दोन्ही ठिकाणी एकाने दुसऱ्याच्या नावापुढे आपली लेखणी चालविली होती. माझ्या हातून जे घडले ते अडाणीपणाने घडले, एवढीच माझी सफाई.

१९९४ मध्ये त्या खेळाच्या चालकांनी मला नव्या पात्रांच्या दरखास्ती तपासण्याचे बिनपगारी काम दिले, आणि दोन वर्षे मी ते नेमाने केले. आठवड्याला दहा-पंधरा दरखास्ती येत. त्यांतील निम्म्याअधिक पात्रे अनाथ असत, त्यांची गावे जळालेली असत, त्यांचे डोळे जांभळे असत आणि त्यांना तलवार, वैद्यकी, मंत्रविद्या यांपैकी काहीही येत नाही असे नसे. अशा सर्वसंपन्न पात्राशी कोणी बोलावे तरी कशाला, असे मी शेऱ्यात विचारी. ज्याला काहीच उणे नाही त्याच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव लागायला रकानाच उरत नाही. वर्णनांत 'हिला पाहताच तुमच्या मनात आदर दाटून येतो' असे लिहिलेले आढळले की मी ते परत पाठवी, कारण पाहणाऱ्याचे मन ही पाहणाऱ्याची मालमत्ता आहे. हे शेरे नेमके असत, आणि ते लिहिताना मला, खोटे कशाला सांगू, वडिलांच्या खुर्चीत बसल्याचे सुख वाटे.

या सुखाचाच पुढे घात झाला. एका नवख्या खेळाडूने आपल्या पात्राचे वर्णन पाठवले. ते वेडेवाकडे होते, वाक्ये एकमेकांच्या पायांत अडखळत होती, पण त्यात एक गोष्ट कोठून तरी खरी आली होती. तिचे पात्र, एक कोळीण, बोलताना ओठांऐवजी आपल्या हातांकडे पाहात असे. मी दयाबुद्धीने ते सारे वर्णन नव्याने लिहून दिले. वाक्ये सरळ केली, क्रम लावला, हातांचा तपशील शेवटी नेऊन ठळक केला, आणि मंजुरीचा शेरा मारून परत पाठवले. तिने आभाराची एक ओळ लिहिली. ते पात्र एकदा सराईत येऊन कोपऱ्यात उभे राहिले, कोणी काही विचारले तर एका शब्दात उत्तर देत राहिले, आणि पुन्हा कधीच आले नाही. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आले की मी तिला जे दिले होते त्या आवाजात बोलणे तिला शक्यच नव्हते. तो माझा आवाज होता. पॉवर-पोजिंग करू नये असे दरखास्तीमागून दरखास्तीत बजावणाऱ्या माणसाने, दुरुस्तीच्या नावाखाली, तेच केले होते. त्यानंतर मी दुसऱ्याचे वाक्य स्वतः दुरुस्त करणे बंद केले. समासात प्रश्न लिहू लागलो. पुढे कागदपत्रे आणि माहितीपुस्तिका लिहिण्याच्या माझ्या पेशात हाताखाली अनेक तरुण लेखक आले, आणि माझे प्रश्न त्यांना दुरुस्तीपेक्षा जाचक वाटत, हे मी जाणून आहे. पण ज्या कोळिणीला मी मुकी केली तिचे देणे फेडण्याचा दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

१९९५ च्या नाताळात मी तीन वर्षांनी घरी आलो तेव्हा सामानात त्या कंदिलाच्या सीनचा लॉग, म्हणजे संपूर्ण नोंद, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या घडीच्या कागदावर छापून आणला होता. वडील निवृत्त झाले होते. मी तिकडे रात्री काय करतो, असे त्यांनी विचारले, आणि सांगून समजण्यासारखे ते नसल्याने मी कागदच त्यांच्यापुढे ठेवला. कचेरीतल्या इंग्रजीवर पोसलेली त्यांची दृष्टी. चष्मा लावून, हातात तांबडी-निळी पेन्सिल घेऊन, ओटीवर बसून त्यांनी तो वाचला. मजकुराला त्यांनी नाक मुरडले नाही, कौतुकही केले नाही. एका ठिकाणी माझ्या ओळीतल्या 'दचकतो' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाखाली त्यांनी तांबडी रेघ ओढली. "हो दचकलो, ह्यां तुका कसां कळलां?" असे त्यांनी विचारले. तो माझाच घोडेस्वार असल्याने मला कळणे साहजिक होते. पण त्यावर त्यांचे समाधान झाले नाही, आणि आज मी त्यांच्याशी सहमत आहे. मग कागदाची शेवटची घडी उलटून ते म्हणाले, "आणि सह्यो खंय?"

दोन इसमांनी मिळून लिहिलेला दस्तऐवज आणि त्यावर सह्या नाहीत, ही गोष्ट त्यांना बेकायदेशीर नसली तरी बेवारशी वाटत होती. मी त्यांना कंदिलाची जागा दाखवली. माझा 'अ' आणि खालच्या ओळीतला मालकिणीचा 'द' यांवर बोट ठेवले. समोरचा आपली ओळ धरून पुढे चालला, हीच इथली सही, असे म्हणालो. ते काही वेळ दोन्ही ओळींकडे पाहात राहिले. मग मूळ कागदाशी प्रत ताडून पाहिल्यावर समासात जो शब्द लिहिण्याची त्यांना चाळीस वर्षांची सवय होती, तो त्यांनी निळ्या पेन्सिलीने त्या दोन ओळींशेजारी लिहिला: रुजू.

पुढच्या वर्षी शिक्षण आटोपून मी पुण्यास आलो आणि नोकरीला लागलो. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले होते. त्यातले स्वस्त खाते निव्वळ मजकुराचे होते, चित्रांवाचून इतरांचे त्यावर अडे, माझे काहीच अडत नव्हते. तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची पहाट, म्हणून साडेपाचला उठून, मोडेमची किरकिर घरच्यांना ऐकू जाऊ नये यासाठी त्यावर उशी दाबून मी सराईत जाई. तारा इतक्या मंद की टंकलेले अक्षर कधी कधी श्वासभराने पडद्यावर उमटे, आणि फोनचे बिल वेगळेच धावत असे. त्या कंजूषपणाने माझ्या वाक्यांतली उरलीसुरली चरबीही उतरली. परंतु सराईत आता वर्दळ राहिली नव्हती. रंगीत चित्रांचे खेळ आले होते, आणि ज्या विद्यापीठाच्या यंत्रावर आमचे जग चालत होते तिथल्या अधिकाऱ्यांनी यंत्र काढून टाकण्याची नोटीस दिली होती.

१९९८ सालच्या त्या शेवटच्या पहाटे सराईत आम्ही दोघेच होतो. निरोपाची भाषणे आम्ही केली नाहीत. पंचनाम्यात ती बसत नाहीत. मालकीण फळी पुसत होती. यंत्र बंद होण्यास किती मिनिटे उरली आहेत याची सूचना वरचेवर पडद्यावर येत होती. मी अपूर्णविराम टंकला आणि लिहिले की घोडेस्वार खोगिरातून एक लहान पेटी काढतो, ती फळीवर ठेवतो आणि किल्ली शोधण्यासाठी खिसे चाचपू लागतो. एंटर दाबले. ओळ उमटली. तिच्याखाली मालकिणीची ओळ येण्याची वाट पाहत मी बसलो असताना संपर्क तुटला.

तो लॉगही मी छापून ठेवला आहे. वडिलांच्या पंचनाम्यांच्या जुन्या कार्बन-प्रतींबरोबर एकाच दप्तरात तो बांधलेला असतो. चाळताना शेवटच्या पानाशी आलो की डोळा आपोआप समासाकडे जातो. तिथे काहीच लिहिलेले नाही, आणि लिहिण्याचा अधिकार मला नाही. फळीवरची ती पेटी अजून 'एक' पेटी आहे.